पाड्यावर जेवू घालणाऱ्या घरांना काय द्यावं? (बजेट १२०० रु.)

नगरचा_सेवक
सर्वांना जय ख्रिस्त आणि नमस्कार. वय २४, मूळ नगरचा. शिक्षण संपल्यावर फेब्रुवारीत चर्चच्या मंडळीने मला सेवेसाठी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर पाठवलं. शहाद्याहून घाट चढून धडगाव, पुढे जीप, शेवटचा तासभर पायी. पोचलो त्या संध्याकाळी खोलीचं छप्परही पुरतं झालं नव्हतं. समोरच्या मावशींनी काही न विचारता ताट आणून ठेवलं. मक्याची भाकर, उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा.

त्याला दोन महिने झाले. तीन घरं आळीपाळीनं जेवू घालतात. एकदा पैसे पुढे केले तर मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

खरं सांगतो, सुरुवातीला मी रोज रात्री वहीत गैरसोयी लिहायचो. नेटवर्क नाही, वीज जाते, पावरी बोली कळत नाही. परवा ती पानं चाळली. पंधरा दिवसांत भाकरीबद्दल एक ओळ नव्हती. फार वाईट वाटलं.

तिन्ही घरांना मिळून १२०० रुपये खर्च करू शकतो. रोजच्या वापराचं, टिकाऊ, धडगाव किंवा शहाद्याला मिळेल असं काय घ्यावं? बाजाराच्या दिवशी धडगावला येतो तेव्हाच उत्तरं वाचता येतील.

पिंपरीची_मावशी
स्टीलचे डबे घे, बाळा. झाकण घट्ट बसणारे, नाव घालून. मी लेकीच्या लग्नात दिले होते, अजून नातेवाईकांकडे गेले की फळीवर दिसतात. दुकानात हातात धरून बघ, जड लागेल तोच घे. पातळ पत्रा वर्षात चेपतो.

डोंगरभटक्या
सोलर कंदील! तोरणमाळला जाताना मी २२०० चा घेतला होता. तीन वर्षं झाली, एकदाही बंद पडला नाही. तीन घरांचे ६६०० होतील, पण एकदाच काय तो खर्च.

पिंपरीची_मावशी
त्याने १२०० लिहिलंय.

डोंगरभटक्या
वाचलं. पण ४०० रुपयांचे दिवे पहिल्या पावसाळ्यात जातात. माझा भाऊ फसलाय. थोडं थांबून साठवा आणि चांगलाच घ्या.

तळोद्याचा_मास्तर
अक्राणी तालुक्यात ११ वर्षं शाळेवर होतो. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून एका घराला पाच लिटरचा कुकर दिला होता. वर्षानं गेलो तर खोक्यासकट आढ्याला टांगलेला. डाळ मातीच्या भांड्यात चुलीवर शिजते, चवही तीच लागते. रबर गेलं तर नवं आणायला धडगाव गाठावं लागणार. आमची वस्तू त्यांच्या घरात बसलीच नाही. त्यांनी मात्र ती जपून ठेवली होती, फेकली नाही.

एप्रिल लागलाय, म्हणजे आमचूर सुरू झालं असेल. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या, खडकावर वाळवायच्या. फोडी पांढऱ्या राहिल्या तर भाव, काळ्या पडल्या तर पडेल तो. वळवाची एक सर आली की सगळी मेहनत पाण्यात. त्या दिवसांत घराला वस्तूपेक्षा जास्तीचे दोन हात लागतात. सुरी घ्या आणि बसा.

नंदुरबारकर
मास्तरांशी सहमत. फक्त तालुक्याला कुणी अक्राणी म्हणतं, कुणी धडगाव, नवीन माणसाचा गोंधळ होतो. एकच तालुका आहे दादा, घाबरू नका. आणि काठी गावची होळी पाहिलीत का?

नगरचा_सेवक
नाही, त्या आठवड्यात तापानं पडून होतो. तेव्हाही मावशींनीच भाताची पेज आणून दिली.

नंदुरबारकर
अरेरे! काठी अक्कलकुवा तालुक्यात येतं. रात्रभर ढोल, कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे टोप. मी शाळेत असल्यापासून जातोय. पुढच्या वर्षी चुकवू नका. पाड्यावरची माणसं घेऊन जातील, तुम्ही फक्त हो म्हणा.

वाघोलीचे_काका
ब्लँकेट द्या. मी २० वाटली आहेत, घाऊक घेतली तर स्वस्त पडतात. सातपुड्यात थंडी कडाक्याची.

पिंपरीची_मावशी
एप्रिलमध्ये ब्लँकेट?

वाघोलीचे_काका
थंडी दरवर्षी येते.

निवृत्त_परिचारिका
नवापूर तालुक्यात चिंचपाड्याच्या ख्रिस्ती हॉस्पिटलजवळ माझं बरंच आयुष्य गेलं, म्हणून स्पष्ट लिहिते. आपल्या कामात वस्तू देताना फार जपावं. तू चांगल्या मनानं देशील, बाहेरचा म्हणेल आमिष दाखवलं. तीन घरांना दिलंस की चौथं घर बघतं. मी तरुणपणी दोन बायकांना चादरी दिल्या होत्या. त्यातली एक पुढे माझ्यासमोर बसायलाच संकोचायची. आधी मैत्रीण होती, मग देणेकरी झाली. त्याचं अजून वाईट वाटतं.

आपण देवळात उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार, म्हणतो. ती तोंडानं आणि वागण्यानं करावी. त्यांचं अन्न आनंदानं खा आणि भूक असेल तर दुसरी भाकर माग. मागून घेणारा घरचा होतो.

भाषेचा_विद्यार्थी
रोज धन्यवाद म्हणत असाल तर तेही थांबवा. आपण तरी आईला जेवल्यावर धन्यवाद कुठे म्हणतो? पावरी शिका. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही अभंग आणि ओवी सोडली नाही, म्हणून ते मराठी माणसाच्या कानाला आपले वाटले. रोज दहा शब्द मुलांकडून घ्या. खर्च शून्य.

डोंगरभटक्या
भाषा शिकाच, पण पावसाळ्यात विंचू-सापाची भीती असते. सोलर कंदिलाचा विचार सोडू नका.

नगरचा_सेवक
सर्वांचं दोनदा वाचलं. मास्तरांचं ऐकून पाच दिवस कैऱ्या चिरल्या. बोटं कापली, चीक लागून हात सोलले. मावशींच्या नातीनं पावरी शब्द शिकवले, माझे उच्चार ऐकून सगळं घर हसलं.

तिथे बसल्यावर एक गोष्ट दिसली. पाण्याचा झिरा खाली नाल्यात आहे, चढून यायला अर्धा तास. मावशी पहाटे चार खेपा करतात. माझ्या खोलीतला माठ मला रोज भरलेला मिळायचा. तो कोण भरतं, हे मी दोन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून कुणासाठीच काही घेतलं नाही. आज बाजारातून ॲल्युमिनियमचा हंडा आणि कळशी घेतली, ७५० रुपये, स्वतःसाठी. कळशी उसनी घेऊन काल सराव केला. डोक्यावर अर्धी सांडली. मावशींनी जुन्या लुगड्याची चुंबळ करून दिली आणि मान कशी धरायची ते दाखवलं. उद्यापासून माझा माठ मी भरणार, आणि दोन खेपा त्यांच्या.

निवृत्त_परिचारिका
चुंबळ घेतलीस ना? बरं केलंस.

पिंपरीची_मावशी
ॲल्युमिनियमला पोचे येतात रे. स्टीलचा घ्यायचा होतास.

नगरचा_सेवक
बघितला होता मावशी. भरल्यावर मला उचलला नसता.