निकेल फिल्ममध्ये ध्वनिलहरींनी उठवलेल्या स्पिन लहरी (चुंबकनातले तरंग) दिसत नाहीत

प्रश्न: वाय-कट लिथियम नायोबेट (दाबविद्युत स्फटिक), ध्वनिलहर झेड दिशेने. दोन आयडीटींमध्ये (ध्वनिलहर उठवणारे आणि टिपणारे इलेक्ट्रोड) 50 नॅनोमीटर निकेल. चुंबकीय क्षेत्र लहरीला समांतर ठेवून कमी-जास्त करतोय, पण एस21 मध्ये (एका आयडीटीतून दुसऱ्यात पोचणारा संकेत) डिपच, म्हणजे शोषणामुळे होणारी घटच, नाही. काय चुकतंय?

उत्तर 1: दिशाच चुकतेय. रेले लहरीचा (पृष्ठभागावरून जाणारी ध्वनिलहर) मुख्य स्ट्रेन, म्हणजे ताणल्या-दाबल्याने होणारा आकारबदल, लहर जाते त्याच दिशेचा असतो. चुंबकन लहरीच्या दिशेशी 0 किंवा 90 अंशांवर असलं की त्यावर टॉर्कच (वळवणारा जोर) बसत नाही. 45च्या आसपास जा. आधी फिल्म संपृक्त करा (सगळं चुंबकन एकाच दिशेला आणा), मग क्षेत्र सावकाश उतरवा.

उत्तर 2: टाइम गेटिंग (ठरावीक वेळेत आलेलाच संकेत मोजणं) लावलंय ना? विद्युतचुंबकीय गळती तत्काळ पोचते. ध्वनिलहरीला 2 मिलिमीटरसाठी सुमारे 0.57 मायक्रोसेकंद लागतात. गेट नसेल तर बारीक डिप गळतीतच बुडतो.

उत्तर 3: खात्रीसाठी ब्रिलुआँ स्कॅटरिंग (लहरींवरून विखुरलेला लेझर प्रकाश तपासणं) उत्तम. मॅग्नॉनवरून (स्पिन लहरीचा क्वांटम) आलेल्या प्रकाशाचं ध्रुवण 90 अंश वळतं, रेले फोनॉनवरून (ध्वनिलहरीचा क्वांटम) आलेल्याचं तसंच राहतं. अ‍ॅनलायझर (ध्रुवणाची गाळणी) मूळ ध्रुवणाशी काटकोनात ठेवलात की फोनॉनचा प्रकाश गळून पडतो.