मदत हवी आहे: गिटारच्या सोलोत ए मायनर पेंटाटॉनिक ई सेव्हनवर आली की का खटकते?

पिकवाला:
मागे कीबोर्डवर वाजणाऱ्या कॉर्ड्स (एकदम वाजणारे सुरांचे गट) अशा आहेत: ए मायनर, एफ, डी मायनर, ई सेव्हन. प्रत्येकी चार मात्रांचा एक बार, टेम्पो ८०, म्हणजे मिनिटाला ८० मात्रा. गाण्याची पट्टी पांढरी सहा, म्हणजे ए. सोलोला दोन आवर्तनं, म्हणजे आठ बार मिळतात. मी गिटारच्या पाचव्या फ्रेटवरची (दांड्यावरच्या पाचव्या खणातली) ए मायनर पेंटाटॉनिक, म्हणजे पाच सुरांचं स्केल, वाजवतो.

अडचणी दोन. पहिल्या तीन कॉर्ड्सवर चुकत काहीच नाही, पण सगळं एकसारखं लागतं. मागे कॉर्ड बदलली हे सोलोतून कळतच नाही. चौथ्या बारला मात्र खटकतं, विशेषतः दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर थांबलं की. 'हार्मोनिक मायनर वाजव' असा सल्ला मिळाला म्हणून सगळा सोलो त्यात वाजवून पाहिला, तर आता एफवरही खटकतंय. मग नेमकं स्केल कुठलं? चार कॉर्ड्सना चार स्केल पाठ करायची का?

शुद्ध_निषाद:
चार स्केल नकोत. कुठल्या बारला कुठे थांबायचं, एवढंच ठरवायचं राहिलंय.

तुमच्या पेंटाटॉनिकमध्ये ए, सी, डी, ई, जी हे पाच सूर आहेत. कॉर्ड्सचे सूर त्यांच्याशी ताडून बघा. ए मायनर म्हणजे ए-सी-ई, तिन्ही हातात आहेत. एफ म्हणजे एफ-ए-सी. मूळ सूर नाही, पण बाकीचे दोन आहेत, म्हणून निभावतं. डी मायनर म्हणजे डी-एफ-ए. इथे एफ नाही, आणि ही कॉर्ड मायनर ठरते ती त्याच सुरामुळे. ई सेव्हनमध्ये ई, जी शार्प (जी पेक्षा अर्धा सूर वर), बी, डी. त्यातले जी शार्प आणि बी दोन्ही तुमच्याकडे नाहीत. वर तुम्ही थांबता तो दुसऱ्या तारेचा आठवा फ्रेट म्हणजे जी, आणि त्याच वेळी मागे कीबोर्डवर जी शार्प वाजतोय. पेटीवर पांढरी पाच आणि काळी चार एकदम दाबून धरा. तुम्हाला खटकतंय ते हेच.

एफवर याच्या उलट झालं. त्या कॉर्डमध्ये ए आहे आणि तुम्ही हार्मोनिक मायनरच्या, म्हणजे जी च्या जागी जी शार्प घेणाऱ्या मायनर स्केलच्या, जी शार्पवर रेंगाळलात. पुन्हा अर्ध्या सुराची टक्कर. तेव्हा जी शार्प फक्त चौथ्या बारपुरता ठेवा.

आता हाताचं काम. बारीक तार पहिली, जाड सहावी असं धरून, चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंतचे फ्रेट:

ए मायनर: ७-५-५-५
एफ: ७-५-६-५
डी मायनर: ७-७-६-५
ई सेव्हन: ६-७-५-७

आधी फक्त चौथी तार बघा. ७, ७, ७, ६, आणि आवर्तन फिरलं की पुन्हा ७. तीन बार एका जागी बसलेलं बोट चौथ्या बारला एकच फ्रेट मागे येतं आणि परत जातं. कॉर्ड बदलल्याचं ऐकणाऱ्याला कळायला तेवढं पुरतं. दुसऱ्या तारेवर ५, ६, ६, ५.

कॉर्ड्स लूपरवर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या यंत्रावर) किंवा मोबाइलवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा. पहिल्यांदा बारला एकच सूर, पहिल्या मात्रेवर, फक्त चौथ्या तारेवरचा. मग तेच दुसऱ्या तारेवर. हे न बघता जमलं की पहिल्या मात्रेला चौथ्या तारेचा आणि तिसऱ्या मात्रेला दुसऱ्या तारेचा सूर घ्या. मधल्या जागा पेंटाटॉनिकने भरायच्या त्या सगळ्यात शेवटी. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, मग बोटं सवयीने जातील तिकडे जातात आणि पहिल्या मात्रेला काय येईल ते नशिबावर.

मंद्रसप्तक:
शास्त्रीयचा कान असेल तर असं बघा. ए ला सा धरलं तर तुमची पेंटाटॉनिक म्हणजे धानी रागाचे सूर, नॅचरल मायनर म्हणजे आसावरी थाट, हार्मोनिक मायनर म्हणजे किरवाणी. म्हणजे पहिल्या तीन बारांत नी कोमल, चौथ्यात शुद्ध. फरक इतकाच की रागात तंबोरा हलत नाही, इथे तो दर तीन सेकंदांनी बदलतो. त्यामुळे न्यासाचा, म्हणजे थांबण्याचा, सूरही दर बारला नव्याने ठरवावा लागतो. कॉर्ड टोन, म्हणजे कॉर्डमधला सूर, हाच त्या बारपुरता न्यास.

तो आठवा फ्रेट टाकून देऊ नका. चौथ्या बारला तिथूनच अर्धा सूर बेंड करा, म्हणजे तार ओढून सूर चढवा, जी चा जी शार्प होतो. पुढे ए मायनर आली की धरलेला बेंड आणखी अर्धा सूर चढवून ए वर न्या. आधी नववा आणि दहावा फ्रेट नुसते वाजवून कानात बसवा, मग आठव्यावरून बेंड करा. तिसऱ्या बोटाने ओढायचं, पहिलं-दुसरं त्याच तारेवर मागे टेकवून. एकट्या बोटाने ओढलं की बेंड मध्येच लटकतो, आणि अर्धवट बेंड साध्या जी पेक्षाही वाईट लागतो. अकूस्टिकवर ०१२ चा, म्हणजे जाड तारांचा, सेट असेल तर पूर्ण सुराचा बेंड जड जातो. तिथे सरळ ८-९-१० स्लाइड घ्या.

बारा_बार:
जी सरसकट चूक नाही हो. ई सेव्हन शार्प नाइन या कॉर्डमध्ये जी शार्प आणि जी दोन्ही असतात. ब्लूजमध्ये असा जी मुद्दाम घेतात.

शुद्ध_निषाद:
मान्य, पण त्या कॉर्डमध्ये जी शार्प खाली आणि जी वरच्या सप्तकात असतो, आणि अख्ख्या वाजवण्याचा रंगच तसा असतो. ८० च्या संथ गाण्यात, कीबोर्डने लांब पॅड (सलग लांबवलेली कॉर्ड) धरलेला असताना, त्याच जी वर दोन मात्रा थांबलात तर चुकलंच म्हणतील. जाता जाता लागला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. चौथ्या बारला ए वरही रेंगाळू नका, तोही जी शार्पला अर्ध्या सुराने घासतो.

पिकवाला:
चौथ्या तारेचा सराव केला. कॉर्ड बदलल्याचं रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतंय, धन्यवाद. पण मधल्या जागा भरायला लागलो की जी शार्पवर दर वेळी उशिरा पोचतो, पहिली मात्रा निघून गेलेली असते. आणि आता पट्टी पांढरी सात होणार असं दिसतंय.

शुद्ध_निषाद:
ई सेव्हन ऐकू आल्यावर सूर शोधायला निघालं की उशीर होणारच. डी मायनरच्या बारमध्येच वाट धरा. मात्रेला एक सूर: तिसऱ्या तारेवर ७, ५, ४, मग चौथ्या तारेवर ७, आणि पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेला चौथ्या तारेवर ६. म्हणजे डी, सी, बी, ए आणि जी शार्प. यातला बी डी मायनरचा नाही, तरी खटकत नाही, कारण तो वाटेवरचा आहे. जी शार्पवर दोन मात्रा थांबा, तिसरीला पहिल्या तारेचा सातवा फ्रेट, म्हणजे बी. चौथी मात्रा रिकामी सोडा. ए मायनरला त्याच तारेच्या पाचव्या फ्रेटवर ए.

तोंडाने मात्रा मोजत वाजवा. मोजणं जिथे तुटतं तिथे बोटं अजून बसलेली नाहीत. टेम्पो ६० वर आणा, तिथून चारचाराने चढवा.

पांढरी सातला सगळं दोन फ्रेट वर: बी मायनर, जी, ई मायनर, एफ शार्प सेव्हन, चौथी तार ९, ९, ९, ८. काळी चारच्या जागी आता काळी पाच. दुसऱ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारी क्लिप) लावणार असाल तर पांढरी सहाचे आकडे तसेच ठेवा, फक्त ते कॅपोपासून मोजा.