मदत हवी आहे: गटातल्या ताईला साथ द्यायची आहे, पण गावात बोभाटा नको

नमस्कार. जळगाव जिल्ह्यात मी उमेदच्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) बचत गटांची सीआरपी, म्हणजे गटांचं काम बघणारी गावपातळीची कार्यकर्ती, आहे. गाव-तालुका लिहीत नाही, कृपया विचारूही नका.

गटातल्या एका ताईला नवरा मारतो, हे अर्ध्या गावाला ठाऊक आहे. दिरानेही जबरदस्ती केली, हे फक्त मला ठाऊक आहे. पापड लाटताना बाकीच्या बाया वाळवण उचलायला गच्चीवर गेल्या, तेवढ्यात तिने सांगितलं. "ताई, कोनले सांगू नको." मी शब्द दिलाय.

गटाची अध्यक्षा तिची चुलत सासू. या ताईला ३,००० रुपये कर्ज हवंय आणि रजिस्टरात कारण लिहावं लागतं, ते बैठकीत मोठ्याने वाचलंही जातं. तिचा फोन रात्री नवऱ्याच्या उशाशी. जळगावला जायचं तर काळी-पिवळीवाला गावातलाच. कोण कुठे उतरलं ते संध्याकाळी पारावर पोचतं. गावातली आशा सेविका भली आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही.

पोलिसात न जाता सखी वन स्टॉप सेंटरला (अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) जाता येतं का? सरकारी दवाखान्यात गेली तर आपोआप केस होते का? मी काही लिहून ठेवावं का? "माहेरी पाठव" एवढाच सल्ला नको. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ती जाणारच आहे, आणि दरवर्षी तिथून समजूत घालून परत पाठवतात.

प्रतिसाद : निवृत्त संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे)

आधी सांगा, वय १८ च्या वर आहे ना? कमी असेल तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे तुमचा शब्द चालणार नाही.

सखी सेंटरला एफआयआरची अट नाही. बलात्काराच्या प्रकरणात दवाखाना पोलिसांना कळवतो, पण सज्ञान बाईला तक्रार द्यायची नसेल तर तिचा नकार लेखी नोंदवून उपचार करायचे, असं आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या सूचनांत आहे. उपचार नाकारता येत नाहीत. घटना ताजी असेल तर गर्भनिरोधक गोळीसाठी ७२ तासांच्या आत नेलेलं बरं.

आखाजीचं म्हणाल तर ते पथ्यावरच आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात, बाई तात्पुरती राहत असेल तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो (कलम २७). सुनावणी बंद दालनात मागता येते. मात्र संरक्षण अधिकारी हिंसेची नोंद करतो त्या घटना अहवालाची प्रत सासरच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जाते आणि नोटीस नवऱ्याच्या हातात पडतेच. हे तिला आधी सांगा. नोटीस पोचेल त्या रात्री ती कुठे असेल, हे ठरल्याशिवाय अर्ज नको.

वकिलाला पैसे लागत नाहीत. विधी सेवा प्राधिकरणात बायकांना उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००.

प्रतिसाद : पाचोऱ्याची सीआरपी

कारण 'दवाखाना' लिहा, खोटं थोडंच आहे? बँकेच्या कामाला दोघी एसटीने तालुक्याला जा. १८१ (महिला हेल्पलाइन) तुमच्या फोनवरून लावा, पण तुमचा फोन घरी कोण हाताळतं तेही बघा. गटाच्या कुठल्याच वहीत तिचं काही नको. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर चुकूनही नको. लैंगिक अत्याचारात पीडितेची ओळख जाहीर करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे.

आणि रागावू नका, पण पापड, चुलत सासू अध्यक्षा... एवढ्यावरून गावातलं कुणीही ओळखेल. धागा संपादित करा.

धागाकर्ती

पापड आणि सासू, दोन्ही बदलून लिहिलंय, काळजी नसावी. वय अठराच्या बरंच वर आहे. नोटिशीचं मला माहीतच नव्हतं, ते आधी तिच्याशी बोलते. आईला सांगायचं की नाही हे तिचं तिला ठरवू दे. बँकेचं काम या आठवड्यात काढतेच. सखी सेंटरला तिच्यासोबत मी आत बसू शकते का, की तिला एकटीलाच घेतात? कुणी गेलं असेल तर सांगा.