घड्याळ नव्हे, सरकता आरसा

डोळ्यातलं रेटिनल (प्रकाश टिपणारा रेणू) प्रकाश पडल्यावर २०० फेम्टोसेकंदांत वळतं; एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश भाग. मग हे मोजायला इतकं वेगवान घड्याळ आणतात कुठून, असा प्रश्न पडतोच. गंमत म्हणजे असं घड्याळ लागतच नाही! लेझरच्या एकाच स्पंदाचे, म्हणजे अगदी क्षणिक झोताचे, दोन भाग करतात. पहिला रेणूला उद्दीपित करतो, दुसरा मागून येऊन त्या क्षणीचा वर्णपट, म्हणजे रेणू कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषतो ते, टिपतो. एकाच्या वाटेतले आरसे सरकत्या पट्टीवर बसवलेले असतात. ते १५ मायक्रॉन मागे घेतले, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, की जाऊन-येऊन वाट ३० मायक्रॉननी वाढते आणि स्पंद १०० फेम्टोसेकंद उशिरा पोचतो. झालं. डिटेक्टर मठ्ठ असला तरी चालतो, कारण वेळ अंतरात मोजली जाते.

रेटिनल ज्यात बसलेलं असतं ते प्रथिन, ऱ्होडॉप्सिन, मुळात ५०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं. रेटिनल वळलं की नवा शोषणपट्टा ५७० च्या जवळ उगवतो; आरसा थोडाथोडा सरकवत तो उगवताना पाहायचा. १९९१ मध्ये हे दिसलं ते असंच.

मात्र अशा प्रयोगात 'रेणूचा फोटो काढतात' असं कुणी म्हटलं की मला खटकतं. हाती येतो तो फक्त शोषणाचा आलेख. रेणूचा आकार त्यावरून ताडावा लागतो, आणि खरी भांडणं तिथेच होतात.

पूर्वपीठिका म्हणाल तर नॉरिश आणि पोर्टर या रसायनशास्त्रज्ञांनी एकामागून एक दोन झोतांची हीच युक्ती साध्या फ्लॅश दिव्यांनी केली होती (नोबेल १९६७). रसायनशास्त्रज्ञ अहमद झेवैलचं फेम्टोरसायनशास्त्र, म्हणजे फेम्टोसेकंदांत घडणाऱ्या रासायनिक क्रियांचा अभ्यास, त्यापुढचं, १९९९ चं नोबेल.