बीजिंग: ड्रम टॉवर आणि बेल टॉवरमधला चौक आता कसा आहे?

केतकी_नाशिक
पुढच्या महिन्यात कामासाठी बीजिंगला जातेय. एक संध्याकाळ मोकळी आहे. माझा मामेभाऊ 2011 मध्ये तिथे होता. तो म्हणतो, राजवाडा नाही पाहिलास तरी चालेल, पण ड्रम टॉवर आणि बेल टॉवरच्या मधल्या चौकात तासभर नुसती बस. त्याच्या फोटोंत सगळीकडे माणसंच माणसं आहेत. हल्लीच्या फोटोंत मात्र नुसती फरशी आणि करड्या भिंती दिसतात. जागा तीच आहे ना? झालं काय तिथे?

उत्तरेची_गल्ली
जागा तीच आहे, केतकी. मी 2009 ते 2013 त्या चौकाच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहत होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दक्षिणेला ड्रम टॉवर, उत्तरेला बेल टॉवर आणि मध्ये लांबट मोकळी जागा. शहराची वेळ शतकानुशतकं इथून सांगितली जायची, थेट 1924 मध्ये शेवटच्या बादशहाला राजवाड्यातून काढेपर्यंत. वरची काशाची घंटा 63 टनांची आहे. पण तुझा भाऊ ज्यासाठी बस म्हणतोय, ते खाली होतं. जेवणं उरकली की भोवतालच्या गल्ल्यांतून लोक आपापली स्टुलं घेऊन यायचे. बुद्धिबळाच्या एका पटाभोवती सहा-सात म्हातारे, आणि खेळणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यांचाच आवाज जास्त. एका बाजूला पिसांचं शटल पायाने उडवणारं टोळकं असायचं. त्या शटलच्या बुडाला धातूच्या चकत्या असतात, बुटावर पडलं की खळ्ळ वाजतं. मी नुसता बघत उभा होतो तर एका काकांनी ते सरळ माझ्याकडे उडवलं. त्यानंतर मी रोज जायला लागलो. मला धड चिनी येत नव्हतं, पण त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

2010 च्या सुरुवातीला इथे काळाचं संग्रहालय आणि जमिनीखाली बाजारपेठ असा मोठा प्रकल्प जाहीर झाला. वारसा जपणाऱ्या एका संस्थेने त्यावर नागरिकांची सभा ठेवली होती, ती होऊ दिली गेली नाही. त्याच वर्षी शहरातले तोंगछंग (हा चौक त्यातच येतो) आणि छोंगवन हे जिल्हे एकत्र झाले आणि प्रकल्प बारगळला. आम्हाला वाटलं, सुटलो. 2012 च्या डिसेंबरात भिंतींवर नव्या नोटिसा लागल्या: चौकाला छ्येनलोंग बादशहाच्या काळातलं, म्हणजे अठराव्या शतकातलं रूप परत देणार. कडेची घरं रिकामी झाली, पडली, आणि जागा बराच काळ पत्र्यांमागे राहिली.

मी 2019 मध्ये परत गेलो. नवीन बांधकाम नीटनेटकं आहे, विटा सरळ, कौलं एकसारखी. पण दारं बंद. संध्याकाळी फरशीवर थोडे पर्यटक आणि एक सुरक्षारक्षक. कडेच्या घरांतली माणसं हाच त्या चौकाचा प्राण होता. जुन्या नकाशाबरहुकूम भिंती उभ्या करता येतात, पण रोज रात्री स्टूल घेऊन येणारी शेजारीण कुठून आणणार? मला याचं आजही फार वाईट वाटतं.

शांघायवाली_मेघना
तुमचं दुःख समजतं, पण त्या घरांत राहणं सोपं नव्हतं. एकेका जुन्या घरात चार-पाच बिऱ्हाडं, घरात संडास नाही, थंडीत उणे दहामध्ये गल्लीतल्या सार्वजनिक संडासात जायचं. माझी एक सहकारी अशाच घरात वाढली. नवीन फ्लॅट मिळाला तेव्हा तिची आई आनंदाने रडली होती.

उत्तरेची_गल्ली
मेघनाताई, अगदी खरं आहे. माझ्याही खोलीला संडास नव्हता. जायला तयार असलेले शेजारी होतेच. त्यांना हवं होतं ते एवढंच: घरात नळ आणि संडास, किंवा जवळपास घर घेता येईल इतके पैसे. मिळणाऱ्या रकमेत मध्य बीजिंगमध्ये घर मिळत नव्हतं, म्हणजे दूर उपनगरात जाणं आलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तिथे नवा बुद्धिबळाचा पट कोण मांडून देणार? त्याच घरांत मोरी-संडास करून द्यायला बांधकामाचा पैसा नक्की पुरला असता, असं माझं ठाम मत आहे.

अभिजित_दिल्ली
एक भर. बीजिंगचा 7.8 किलोमीटरचा मध्य अक्ष, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध उत्तर-दक्षिण जाणारी सरळ रेषा, जुलै 2024 मध्ये जागतिक वारसा यादीत आला. ते ठरलं ती जागतिक वारसा समितीची बैठक आमच्या नवी दिल्लीतच भरली होती. अक्षाचं उत्तर टोक म्हणजे हेच दोन टॉवर. दक्षिण टोकाची योंगतिंग वेस 1950 च्या दशकात पाडली होती, ती 2004 मध्ये पुन्हा बांधली. तिथेही पुन्हा उभं राहिलं ते बांधकामच.

केतकी_नाशिक
सगळ्यांचे आभार. मग जाऊ की नको?

उत्तरेची_गल्ली
जा, नक्की जा. मेट्रोची 8 नंबरची लाइन, श्रछाहाय स्टेशन. टॉवर चढायचे असतील तर दुपारीच पोहोच, संध्याकाळी बंद होतात. जिना भलताच उभा आहे, साडी-चपला नकोत. उतरल्यावर चौकात फार वेळ घालवू नकोस. बेल टॉवरच्या मागे उत्तरेकडच्या गल्ल्यांत शिर, तिथे अजून वस्ती आहे. पट मांडलेला दिसला तर बिनधास्त जवळ उभी राहा. कुणी ना कुणी स्टूल पुढे सरकवेल.