मदतीच्या पैशाला पुरावा मागायचा की नाही?

होटगीरोडकर
परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था यूएसएड, तिच्यावरची कालची पोस्ट वाचून राहवेना. 'यूएसएड बंद झाली, बरं झालं, गोऱ्यांचे प्रयोग गरिबांवर कशाला' म्हणे. त्याच यूएसएडमध्ये 2010 पासून डीआयव्ही नावाचा, नव्या कल्पना तपासून पैसे देणारा छोटा विभाग होता. 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल बॅनर्जी-डुफ्लोंबरोबर घेतलेले मायकल क्रेमर त्याच्या संस्थापकांतले. रीत अशी की आधी थोडे पैसे द्यायचे, गुण दिसला तर वाढवायचे, नाहीतर रामराम. सुरुवातीच्या वर्षांत डॉलरमागे समाजाला निदान 17 डॉलरचा फायदा निघाला. इयत्ता बाजूला ठेवून वाचता येईल तशी पोरं बसवायची ही आपल्या 'प्रथम' या शिक्षणसंस्थेची पद्धत झांबियाच्या सरकारी शाळांत पोचायला याच विभागाचा हातभार लागला. आणि आपण टाळ्या वाजवायच्या?

शेंगाचटणी
17 चा हिशेब काढला कुणी? क्रेमरसाहेब आणि मंडळींनीच की. आपणच पेपर लिहायचा, आपणच तपासायचा. तोही फायदा मोजक्याच प्रयोगांचा.

होटगीरोडकर
फायदा मोजक्यांचा धरलाय, पण खर्च सगळ्यांचा, फसलेल्यांचासुद्धा. आधी वाचा, मग चटणी वाटा.

झेडपी_मास्तर
तुमचे डॉलर राहू द्या. आमच्या शाळेत एका संस्थेचा असाच प्रयोग झाला. दोन पोरं मोटारसायकलवर यायची, फरशीवर अक्षरकार्डं पसरून मुलांत मांडी घालून बसायची. तिसरीतली पोरं खरंच वाचायला लागली, नाही कशाला म्हणू? मग वरून आदेश, 'सर्वत्र राबवा'. कार्डं आली, मोटारसायकलवाली पोरं नाही आली. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, त्यातला निम्मा वेळ सत्कार. मग दर शुक्रवारी लिंक. फोटो टाका, माहिती भरा, पाचच्या आत. माहिती भरताना वर्गावर कोण? गठ्ठा अजून कपाटात आहे, रबर वितळून वरच्या कार्डाला चिकटलंय.

शेंगाचटणी
मास्तर, पगार तर पाचच्या आत मिळतो ना?

झेडपी_मास्तर
या एकदा. जनगणना, मतदार यादी, वरून चौथी-पाचवी एका खोलीत. शिकवून दाखवा, मग बोला.

विडीवालीची_लेक
भांडा निवांत. माझी आई दिवसभर विड्या वळायची. धाकटी बहीण चौथीत गेली तरी तिला जोडाक्षर येत नव्हतं. वस्तीतल्या अशाच एका वर्गात शिकली, आज फार्मसीत काउंटर सांभाळते. तुमचे 17 डॉलर मला कळत नाहीत, पण 'प्रयोग कशाला' म्हणणाऱ्यांची पोरं कुठल्या शाळेत आहेत ते कळतं.

गड्ड्यातला_गडी
आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं उदाहरण कसं विसरता बे? डिसले गुरुजींचे क्यूआर कोड परितेवाडीतून राज्याच्या पुस्तकांत गेले की!

झेडपी_मास्तर
कोड गेले. रेंज मागे राहिली.

शेंगाचटणी
आता मास्तर माझ्याच बाजूनं बोलायलेत. 😄 केनियात हेच झालं. कंत्राटी शिक्षक स्वयंसेवी संस्थेनं नेमले तेव्हा पोरांचे गुण वाढले, तेच सरकारनं नेमले तर शून्य. पगारही लांबले. म्हणजे पुरावा कार्डांचा नव्हता, चालवणाऱ्याचा होता.

होटगीरोडकर
बरं, हे मान्य. पण सरकारकडून चालत नाही हे कळलं कसं? चाचणी घेतली म्हणूनच ना? उत्तर बांगलादेशात कामं नसलेल्या महिन्यांत शहर गाठायला गरिबांना बसभाडं द्यायचे. आपल्या ऊसतोडीच्या उचलीसारखं नव्हे, मागे मुकादम नाही. छोट्या प्रमाणात चाललं, मोठं केल्यावर नाही. चालवणाऱ्यांनी स्वतःच जाहीर केलं आणि 2019 मध्ये गुंडाळलं. आपल्याकडची एक योजना सांगा, जी 'चालत नाही' असं मोजून बंद केली.

शेंगाचटणी
हं. हा एक मुद्दा दिला तुम्हाला, फुकट. मास्तर, तुमची शुक्रवारची लिंक तरी बंद झाली का?

झेडपी_मास्तर
आता सोमवारीपण असते.