बीए मंडळी, एआयला नेमकं कुठे कामाला लावता? (माझा 'नाका रिपोर्ट'चा किस्सा आत आहे)

पर्वरीची_पोर

नमस्कार मंडळी. मी पणजीला पाटोवर एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट (बीए) आहे, म्हणजे क्लायंटला सॉफ्टवेअरमध्ये काय हवं ते विचारून लिहून काढणारी, दोन वर्षं झाली. आम्ही छोट्या हॉटेलांसाठी बुकिंग आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो, कांदोळीपासून पाळोळेपर्यंत क्लायंट आहेत, बहुतेक दहा-पंधरा खोल्यांची घरची हॉटेलं. गेल्या महिन्यात सरांनी सगळ्यांना एआयचं पेड अकाउंट दिलं आणि त्याच मीटिंगमध्ये सांगून टाकलं की आता बीआरडीला (क्लायंटच्या सगळ्या गरजा लिहिलेलं डॉक्युमेंट) दोन आठवडे कशाला, दोन दिवसांत झाली पाहिजे. बरं म्हटलं. क्लायंटची मीटिंग रेकॉर्ड केली, ट्रान्स्क्रिप्ट काढली, एआयला दिली, वीस मिनिटांत 34 युझर स्टोरी (वापरणाऱ्याला काय हवं ते सांगणाऱ्या छोट्या नोंदी) तयार, अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरियासकट, म्हणजे काम नीट झालं हे कशावरून मानायचं त्या अटींसकट. बघून मला माझीच कीव आली, दोन वर्षं मी काय करत होते!

मग डेमो झाला. मालकांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हो नाका रिपोर्ट म्हणल्यार कितें गो बाय?" मला काही सांगता येईना. घरी येऊन रेकॉर्डिंग परत ऐकलं तर त्यात ते म्हणताहेत, "तो रिपोर्ट आमकां नाका." नको म्हणत होते हो ते! आणि या पठ्ठ्याने त्याचा चेकपोस्टवरून येणाऱ्या गाड्यांचा रिपोर्ट करून ठेवला, तारखेचा फिल्टर, एक्सेल एक्सपोर्ट, सगळं. मीटिंगला मी स्वतः होते, कोकणी माझी घरची भाषा, पण रेकॉर्डिंग चालू आहे म्हणून वहीच उघडली नव्हती. आणि ती स्टोरी इतकी नीट लिहिलेली की मी, डेव्हलपर, टेस्टर तिघांनी वाचली तरी एकालाही शंका आली नाही.

तर विचारायचं ते हे, की तुम्ही त्याला कुठे कामाला लावता आणि कुठे हात लावू देत नाही? 'एआय नोकरी खाणार का' यावर कृपया नको, तो प्रश्न घरी बाबा रोज जेवताना विचारतात.

वेर्णेवाला

चहा सांडला हसताना. कोकणी-मराठी-हिंदी-इंग्लिशची खिचडी असलेल्या मीटिंगमध्ये हे होणारच, आमच्याकडे "जाता" चं असंच झालं होतं. कोकणीत माणूस "जाता जाता" म्हणजे होईल होईल म्हणत होता आणि मिनिट्समध्ये आलं की सुपरवायझर जाता जाता सही करतील.

मी वेर्ण्याला औषध कंपनीत आहे, सिस्टिम व्हॅलिडेशनकडे (सिस्टिम ठरल्याप्रमाणे चालते हे तपासून सिद्ध करायचं काम), चौदा वर्षं. आमच्याकडे एआयला यूआरएस (सिस्टिमकडून काय काय हवं त्याचं डॉक्युमेंट) लिहू देत नाही, कारण ऑडिटला खाली सही केलेल्याला उभं करतात. पण तपासायला लाव, तिथे तो फार कामाचा आहे. यूआरएसमधली प्रत्येक ओळ कुठल्या टेस्टला जोडलीय त्याची ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स असते, ती जुळवायला आधी दोन माणसं तीन-तीन दिवस एक्सेलमध्ये डोळे फोडायची. आता दोन्ही डॉक्युमेंट देतो (कंपनीच्या आतल्या सेटअपमध्ये, बाहेर नाही) आणि विचारतो की कुठल्या रिक्वायरमेंटला टेस्टच नाही, कुठली टेस्ट उगाच लोंबकळतेय, कुठल्या दोन ओळी एकमेकींच्या विरुद्ध जातात. दहा ठिकाणं दाखवली तर तीन फालतू निघतात, ती खोडायला पाच मिनिटं लागतात, म्हणजे चुकला तरी माझं फार काही जात नाही. त्याच्या नजरेतून काही सुटू शकतं म्हणून क्रिटिकल ओळी मी तरी हातानेच बघतो. तुझ्याकडे तो चुकला आणि पुढची तीन माणसं त्यावर कामाला लागली, हा फरक बघ.

बाबॉक म्हणजे बीएच्या कामाचं मार्गदर्शक पुस्तक, त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत, 2015 ची, सहा नॉलेज एरिया आहेत. त्यातल्या रिक्वायरमेंट सांभाळण्याच्या आणि त्यांचं विश्लेषण करण्याच्या भागात त्याला बिनधास्त वापर. माणसांकडून काढून घ्यायचा जो भाग आहे, इलिसिटेशन, तिथे त्याला तुझ्या जागी बसवू नकोस, तुझ्यासमोर बसव. मी मीटिंगच्या आदल्या रात्री त्याला सांगतो, तू गोदामाचा सुपरवायझर आहेस, वीस वर्षं इथे आहेस, तुला ही नवीन सिस्टिम नकोय, आता मी प्रश्न विचारतो. कधी भलतंच बोलतो, पण माझा प्रश्न किती मोघम आहे ते मला तिथेच कळतं, खऱ्या सुपरवायझरसमोर नाही.

आणि एक कर, "लिही" म्हणून सांगणं काही दिवस बंदच कर. "मला काय माहीत नाही ते विचार" असं सांग.

टेस्टर_पण_माणूस

मी त्या तिसऱ्या माणसाच्या वतीने बोलतो, ज्याने वाचलं आणि शंका आली नाही.

पूर्वी बीएने घाईत लिहिलेली स्टोरी वाचली की कळायचं. अर्धं वाक्य, स्पेलिंग चुकलेलं, "मालकांना विचारणे" असं कोपऱ्यात. तिथे बरोबर बोट ठेवायचो आम्ही. आता विचार केलेली आणि न केलेली स्टोरी सारखीच इस्त्री केलेली येते, ओळखायचं कसं? आमच्या टीममध्ये मी भांडून एक नियम करून घेतला, प्रत्येक स्टोरीखाली लिहायचं की हे कोण बोललं, कुठल्या दिवशी, आणि रेकॉर्डिंगमध्ये कितव्या मिनिटाला. माणूस सापडला नाही तर "एआयने सुचवलं" असं लिहा, माझी ना नाही, पण लिहा. पहिल्या स्प्रिंटला (कामाचा ठरावीक छोटा टप्पा) अर्ध्याहून जास्त स्टोऱ्या बेवारस निघाल्या.

टेस्ट केसेस मात्र मी पण त्याच्याकडूनच काढतो, खोटं कशाला बोलू. 31 डिसेंबरला रात्री साडेबाराला चेक-इन, शून्य रात्रींचं बुकिंग, एकाच पासपोर्टवर दोन खोल्या, असलं डोकं त्याचं बरं चालतं.

फोंड्याचो_हिशोबनीस

मी बीए नाही, हॉटेलांचे हिशोब बघतो, पण तुमच्यासारख्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर वापरून केस पांढरे झालेत म्हणून लिहितो.

ताई, जीएसटीच्या रूलला एआयवर एक टक्कासुद्धा विश्वास ठेवू नका, नेटवर शोधायला न सांगता विचारलं तर बऱ्याचदा जुनंच सांगतो. 7,500 पर्यंतच्या खोलीला आधी 12 टक्के होते, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 झाले, पण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. 7,500 च्या वर 18. मी मुद्दाम विचारून बघितलं, छातीठोकपणे 12 सांगितलं, चूक दाखवली तर सॉरी म्हणाला आणि 5 सांगितलं पण इनपुट क्रेडिटसकट!

हे तरी कोणीतरी पकडेल. खरी गोम पुढे आहे, आणि ती खास आपल्या गोव्याच्या हॉटेलांची. 1 एप्रिल 2025 पासून हॉटेलच्या आतल्या रेस्टॉरंटला 5 लावायचा की 18, हे मागच्या आर्थिक वर्षात खोली काय दराने गेली त्यावर ठरतं. एका जरी खोलीचा एका जरी दिवसाचा दर 7,500 च्या वर गेला असेल तर पुढचं अख्खं वर्ष रेस्टॉरंटला 18. आता आपल्याकडे बघा, पावसात जी खोली दीड हजाराला कोणी घेत नाही तीच नाताळ ते न्यू इयरला आठ-नऊ हजाराला जाते. मालक खूश, आणि एप्रिलपासून फिश थाळीवर 18 टक्के! म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबरमध्ये दर टाकतानाच घंटी वाजली पाहिजे की बाबा रे, हा आकडा टाकलास तर पुढच्या वर्षी काय होईल. ही रिक्वायरमेंट मालक स्वतःहून सांगणार नाही, त्याला ठाऊकच नसते, तो सीएवर सोडून देतो. एआयला नियम छापील द्या आणि सीझनचे दर पण द्या, मग तो कदाचित जोडेल. पण हे दोन कागद एकत्र ठेवायचे हे तुम्हाला सुचावं लागेल.

वेर्णेवाला

हिशोबनीस, तुम्ही बीए नाही म्हणता आणि अख्ख्या धाग्यातली सगळ्यात भारी रिक्वायरमेंट तुम्हीच दिलीत.

मडगावकर_एम

सगळे बोलले पण त्या रेकॉर्डिंगबद्दल कोणीच नाही. क्लायंटला विचारलं होतं का? हॉटेलवाल्याच्या मीटिंगमध्ये पाहुण्यांची नावं येतात, मध्येच कोणीतरी रजिस्टरचा किंवा सी-फॉर्मचा (परदेशी पाहुण्यांच्या माहितीचा फॉर्म) फोटो शेअर करतो, त्यात परदेशी माणसाचा पासपोर्ट, व्हिसा नंबर सगळं असतं. डेटा प्रोटेक्शनचा कायदा 2023 चा आहे. आणि सॅमसंगचं आठवतं ना, 2023 सालीच, इंजिनियरनी आतला कोड चॅटजीपीटीत टाकला आणि मग कंपनीने असली टूलंच बंद केली. पेड अकाउंट आहे म्हणजे सुटलो असं नसतं, सेटिंगमध्ये जाऊन तुमचा डेटा ट्रेनिंगला वापरतात का ते बघा, आणि नावं-नंबर काढूनच टाका. खोली 4, पाहुणा क, एवढं पुरतं त्याला.

पर्वरीची_पोर

सगळ्यांना थँक्यू. मडगावकर, नाही विचारलं होतं, खरं सांगते. आता विचारते आणि वही पण उघडते.

वेर्णेवाला दादांचं ऐकून त्याला म्हटलं, लिहू नकोस, प्रश्न विचार. 26 विचारले. निम्मे असे की कुठल्याही देशातल्या कुठल्याही हॉटेलला चालतील, स्पा आहे का, लॉयल्टी पॉइंट कसे देता. नऊ खोल्या आणि एक मांजर आहे तिथे, लॉयल्टी पॉइंट कसले! पण एक प्रश्न होता, बुकिंग रद्द झालं तर आगाऊ रकमेचं काय करता. तो घेऊन परत गेले, यावेळी मालकांकडे न जाता काउंटरवरच्या काकींकडे. त्या म्हणाल्या, आम्ही लाल टिंबवाल्यांकडून आगाऊ घेतच नाही. कसलं लाल टिंब? तर त्यांच्या रजिस्टरमध्ये काही नावांपुढे लाल पेनाने टिंब असतं, दरवर्षी नोव्हेंबरला येतात, मार्चला जातात, पैसे जाताना देतात, तेही महिन्याच्या हिशोबाने. पहिल्या मीटिंगमध्ये दोन तासांत याचं नाव नाही निघालं, मालकांना वाटलं हे काय सांगायचं, सगळ्यांना माहीतच असतं.

म्हणजे आमचं सगळं बिलिंग जे एका रात्रीच्या दरावर उभं आहे ते या लोकांना लागूच पडत नाही. आता महिन्याच्या भाड्याने दिलेल्या खोलीचा दिवसाचा दर कसा धरायचा हे मालकांना सीएकडून लिहून आणायला सांगितलंय, हिशोबनीसकाका तुमची न्यू इयरची घंटी पण यादीत घेतली. सरांना सांगितलं दोन दिवसांत होणार नाही, आठ लागतील. थोडे गुरगुरले, पण दिले.

नाका रिपोर्ट कोडमधून काढला. आमच्या टेस्टरने तिकीट बंद करताना कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "आमकां नाका".